वाऱ्याच्या घरातली कडी

मुरगूडच्या अलीकडं, डांबरी रस्ता सोडून जरा आत वळलं की एक वाडी लागते. त्या वाडीत दुपारची लाइट गेली की माणसं आकाराम गवंड्याच्या सोप्यात येऊन बसायची, आणि लाइट आली की उठून जायची. बोलणं अर्ध्यात असलं तरी उठायची. ‘आकाराम, एकटाच हाईस, बसतो घटकाभर’ असं कधी कुणाच्या तोंडून निघालं नाही. घरचा पंखा फिरायला लागला की संपला शेजार. आता ह्याला माणुसकी म्हणायची की धर्मशाळा, तुम्हीच ठरवा.

घर होतंच तसं. वैशाखात गावातल्या नव्या स्लॅबच्या घरांत बाया पदरानं वारा घेत बसायच्या, भिंतीला पाठ टेकवत नव्हती. आणि आकारामच्या सोप्यात सारवलेल्या जमिनीवर उघड्या अंगानं आडवं झालं की डोळा लागलाच म्हणून समजा. हातभर रुंद कच्च्या विटांच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, त्यांतली दोन काचेची, म्हणून दिवसा दिवा लावायची गरज नाही. मावळतीच्या अंगाला कडुनिंब. चुलीवर धुराडं, आणि चूल अशी बांधलेली की थोडक्या शेण्यांत भाकरी आणि कालवण दोन्ही व्हावं. पण खरी करामत झरोक्यांची. नदीकडच्या भिंतीला खाली, गुडघ्याच्या उंचीवर दोन झरोके, आणि वर आढ्याखाली समोरासमोर आणखी दोन. गार वारा खालनं आत यायचा, तापलेली हवा वरनं बाहेर जायची. वरच्या झरोक्यांना ना दार ना झडप, आणि कुणाचा हात पोचणार नाही इतके उंच. ते मुद्दाम तसे ठेवले होते.

लोक त्याला वाऱ्याचं घर म्हणायचे, आणि ते काही कौतुकानं नव्हे. ‘आकाराम, घर बांधलंईस का चाळण?’ असं तोंडावर विचारायचे. पावसाळ्यात झड आत यायची, थंडीत पहाटे अंग काकडायचं, हे खरंच होतं. आकाराम चिडायचा. “काकडून कोण मेलं का आजवर?” म्हणायचा.

आढ्याला, बरोबर मधोमध, एक लोखंडी कडी होती. पाळण्याची. मुरगूडच्या लोहाराकडनं त्यानं ती करून आणली होती, आणि दरसाल दिवाळीला शिडी लावून तिला तेल द्यायचा. घरात पाळणा नव्हता, पाळण्यात घालायला कुणी नव्हतं, पण कडी आपली तेल पिऊन काळीभोर. त्या कडीला एकदा तरी आपल्या लेकीचं लेकरू झुलावं, एवढीच त्या माणसाची इच्छा उरली होती. इच्छा साधी वाटते. त्याच्या बाबतीत ती किती अवघड होती, ते सांगायचं तर एक्क्याण्णव सालापासनं सांगायला पाहिजे.

त्या साली श्रावणात त्याची बायको शालूबाई दुसऱ्यांदा बाळंत झाली. पहिली लेक वैजंता तेव्हा पाच वर्षांची, आणि आता पोरगा झाला होता. आकाराम तिशीच्या आतबाहेरचा, हाताला यश असलेला गवंडी. आनंदानं नुसता फुलून गेला होता. जुन्या घरातल्या मधल्या खोलीत बाज टाकली. बाहेर झड लागलेली, आणि त्याची आई चिमणाबाई हिचा एकच घोशा, बाळंतिणीला वारं लागता कामा नये. वारं शिरलं की अंग सुजतं, दूध आटतं. हे काही चिमणाबाईनं काढलेलं खूळ नव्हे. साऱ्या मुलखात असंच करायचे. झरोक्यात बोळे कोंबायचे, दाराला गोधडी लावायची, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची आणि वर ओव्याची, बाळंतशेपांची धुरी द्यायची.

दुसऱ्याच्या घरात किती बोळे कोंबले तरी कुठं ना कुठं फट राहते. पण इथं घरातच गवंडी! आईनं सांगायचा अवकाश, आकारामनं झरोक्यात विटा बसवल्या, वरनं गिलावा दिला, कौलांखालची फटसुद्धा चिखलानं लिंपली आणि थापीनं घोटून घोटून गुळगुळीत केली. “बघ आई, मुंगी शिरायची न्हाय,” म्हणाला. बायकोच्या मायेनं केलं होतं सगळं.

मुंगी शिरली नाही, आणि हवाही शिरली नाही. सकाळी चिमणाबाई चहा घेऊन गेली, तर मायलेकरं झोपल्यासारखी पडलेली. शालूबाईच्या गालावर लाली होती. चिमणाबाई आधी म्हणाली, बघ कशी गाढ झोपलीया.

वाडी म्हणाली, बाहेरचं झालं. कोल्हापूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं मात्र आकारामला बाजूला घेऊन सांगितलं, की निखाऱ्यातनं एक वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. कोंडलेल्या खोलीत साठला की माणूस झोपेतच जातो. खोली अगदीच बंद होती का, असं डॉक्टरनं विचारलं. आकाराम आपल्या हातांकडं बघत राहिला.

चिमणाबाईनं अंथरूण धरलं ते पुन्हा सोडलं नाही. वैजंताला तिची मावशी पेठ वडगावला घेऊन गेली. ही धोंडुबाई, शालूबाईची थोरली बहीण. तिला मूलबाळ नव्हतं, नवऱ्याचं, बाळासोचं, बियाणांचं दुकान चांगलं चाललेलं. पोरीला काही कमी पडलं नाही. पण धोंडुबाईच्या पोटातली आग काही विझली नाही. एकदा रागाच्या भरात ती त्या एवढ्याशा पोरीला बोलून गेली, “तुझ्या बानं तुझ्या आईला लिंपून मारली.” झालं. शब्द गेला तो गेला. आकाराम सणासुदीला भेटायला गेला की वैजंता दाराआड उभी राहायची, “आबा, बरं हाय न्हवं?” एवढं विचारायची आणि आत जायची. भांडली असती, चार शिव्या दिल्या असत्या तरी त्यानं सोसलं असतं. ती पावण्याशी बोलावं तसं बोलायची. परतीच्या एसटीत आकाराम खिडकीकडं तोंड करून बसायचा.

दुसरं लग्न त्यानं केलं नाही. जुनं घर पाडलं, आणि त्याच जागेवर, लोकांची कामं सांभाळून, एकट्याच्या हातानं नवं घर चढवलं. त्यात कित्येक उन्हाळे गेले. लोकांना वाटायचं गवंडी खुळावलाय. एका तर्‍हेनं खरंच होतं ते. कारण आता लोकांची घरं बांधतानाही त्याची एक रीत पडली होती. घर पुरं झालं की मालकाच्या ताब्यात द्यायच्या आधी तो घमेल्यात उसाचा ओला पाला पेटवायचा, दार लावून घ्यायचा, आणि आत भिंतीला टेकून बसायचा, धूर कुठनं जातोय ते बघत. डोळ्यांतनं पाण्याच्या धारा, खोकून खोकून बरगड्या दुखायच्या, पण धूर निघून गेल्याशिवाय गडी बाहेर यायचा नाही. आणि धूर कुठं घुटमळला, तर पहार घेऊन स्वतःच बांधलेल्या भिंतीला वर भोक पाडायचा.

मुरगूडच्या बाळाप्पांची, म्हणजे भुसार मालाच्या व्यापाऱ्यांची, गोष्ट तर अजून सांगतात. भिंतींना चुना देऊन झालेला, दुसऱ्या दिवशी घरभरणी, आणि हा पाल्याचा भारा घेऊन दारात हजर.

“हे काय रे आणलंस?” बाळाप्पा म्हणाले.

“धूर करतो. निघतोय का बघायला नको?”

“अरे, उद्या स्वामींचे पाय लागणार घराला, आणि तू काळं करतोस व्हय?”

“स्वामी उद्या येऊन उद्या जाणार. घरात रोज चुलीम्होरं कोण बसणार हाय?”

धूर माजघराच्या कोपऱ्यात अडला. आकारामनं भोक पाडलं. बाळाप्पा कपाळाला हात लावून अंगणात बसले, “अय्यो, कुठला खुळा गवंडी गाठ पडला रे बाबा!” आता तुम्हाला वाटेल, पुढं बाळाप्पांना ते पटलं असेल. कशाचं पटतंय! चिमण्या घाण करतात म्हणून महिन्याभरात त्यांनी ते सिमेंटनं बुजवून टाकलं. सगळीकडं हेच. आकारामनं भोकं पाडायची आणि लोकांनी ती बुजवायची. त्यात ह्याची जीभ तिखट. कुणी म्हणालं झरोका नको, तर हा फाडकन बोलणार, “मग थडगंच बांधून घे की, माझ्याकडं कशाला आलास?” असल्या तोंडाला काम मिळतं होय? दोन हजार सालानंतर स्लॅबचं वेड आलं, तशी त्याला कुणी मुख्य गवंडी म्हणून बोलवेना. दुसऱ्याच्या हाताखाली भिंत चढवायची आणि संध्याकाळी घरी यायचं.

आणि घरी काय? घर स्वच्छ, गार, मोकळं, भाकरीच्या धुराचासुद्धा वास न राहणारं. आत माणूस एक. कधी कधी तो मोठ्यानं बोलायचा, नुसता आवाज ऐकायला. म्हणून दुपारी लाइट गेली की त्याला बरं वाटायचं. माणसं आली की सगळ्यांना चहा टाकायचा. लाइट जरा उशिरा येऊ दे असं देवाला सांगणारा तालुक्यात तो एकटाच असेल.

वैजंताचं लग्न वडगावातच झालं. कन्यादान बाळासोनं केलं; आकाराम मांडवात एका बाजूला उभा राहून अक्षता टाकून आला. सासर गारगोटीच्या पलीकडं, माणसं चांगली होती. वर्षाच्या आत कळलं, वैजंताला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर जगाची रीत. आकारामनं नवं धोतर नेसलं, पेढे घेतले आणि वडगाव गाठलं.

धोंडुबाई म्हणाली, “पावणं, बसा.” चहा आला. वैजंता कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती, चेहरा शालूबाईचाच.

“आक्का,” आकाराम म्हणाला, “पोरीला बाळंतपणाला माझ्याकडं न्यावी म्हणतो.”

“तुमच्याकडं? त्या वाऱ्याच्या घरात?” धोंडुबाईचा आवाज चढला. “घरात बाईमाणूस न्हाय. तिला न्हाऊमाखू कोण घालणार? तुमी?”

“बाई ठेवतो की. दोन ठेवतो.”

“एकीचं केलंसा तेवढं पुरं झालं,” धोंडुबाई म्हणाली.

आकारामचा चहा हातातच राहिला. मग लेकीकडं बघून एवढंच म्हणाला, “वैजू, आढ्याला कडी घातलीया मी.”

“कसली कडी?”

“पाळण्याची. तू बारकी हुतीस तवाच घातलीया. तुझ्या लेकरासाठनं.”

वैजंतानं मान वर केली, क्षणभर बापाकडं नीट बघितलं. मग पदराशी चाळा करत म्हणाली, “बघू, आबा.”

आपल्याकडं ‘बघू’चा अर्थ काय असतो, तो काय सांगायला पाहिजे? आकाराम रिकाम्या हातानं परत आला. तरी दिवाळीला त्यानं शिडी लावली आणि कडीला तेल दिलं.

मार्गशीर्षात वडगावच्या दवाखान्यात वैजंताला मुलगी झाली. बारशाचं बोलावणं आलं, म्हणजे बाळासोनं निरोप धाडला, त्याबद्दल त्याचे उपकारच. आकारामनं कोल्हापुरात जाऊन लाल कुंची घेतली. तीन दुकानं हिंडून, मऊ कापड बघून घेतली.

बाळासोचं घर नवं, गुलाबी रंगाचं. पुढं मांडव, बायकांची ये-जा, आतल्या सोप्यात पाळणा सजवलेला. परड्यात कुंपणाच्या भिंतीचं काम चाललेलं, विटा आणि पहार तिथंच पडलेली. थंडी त्या साली कडाक्याची होती. म्हणून बाळंतिणीला कुठं ठेवलं होतं, तर धान्याच्या कोठीच्या खोलीत. त्या खोलीला खिडकीच नव्हती! दाराच्या खालच्या फटीला गोधडीची गुंडाळी दाबलेली. आकाराम उंबऱ्याबाहेर बसला, बाप्यामाणूस बाळंतिणीच्या खोलीत कसा जाणार? तेवढ्यात एक बाई काढा द्यायला आत गेली आणि दार उघडलं. ओव्याच्या धुरीचा भपकारा बाहेर आला. बाजेखाली शेगडीत इंगळ फुललेले. वैजंता उशीला टेकून अर्धवट डोळे मिटून बसली होती, लेकरू मांडीत निपचित झोपलेलं.

“बाळंतीण कशी टवटवीत दिसतीया बघा,” ती बाई बाहेर येऊन कौतुकानं म्हणाली. “गालावर लाली चढलीया नुसती.”

दार पुन्हा लागलं. ती लाली त्यानं एकदा बघितली होती.

तो उठून उभा राहिला. “दार उघडा. शेगडी भाईर काढा.”

“काय झालं?” धोंडुबाई पुढं आली.

“आक्का, पाया पडतो. शेगडी भाईर काढा. पोरीला भाईर काढा.”

“थंडीनं मरती का ती?” धोंडुबाई दाराला पाठ लावून उभी राहिली. “आमाला शिकवू नका पावणं. तुमाला कळत हुतं म्हणूनच तर माझी भन गेली!”

बाळासोनं त्याचा दंड धरला आणि कानाशी म्हणाला, “कार्याचं घर हाय. चार माणसं बघत्यात. भाईर बस जा जरा.” आकाराम गेला. सगळ्यांना वाटलं, गेला रुसून.

तो गेला परड्यात. मागं जाऊन त्यानं कोठीची भिंत हातानं चाचपली, उंची धरली, आणि पहार उचलली. गुलाबी भिंतीवर पहिला घाव बसला तसा आत धान्याचा डबा कोसळल्याचा आवाज झाला. दुसरा, तिसरा. गवंड्याला भिंत कुठं हलते ते माहीत असतं. एक वीट आत गेली, मग दुसरी बाहेर आली, आणि त्या भोकातनं ओव्याच्या वासाचा धूर भसकन त्याच्या तोंडावर आला. आतल्या बाया किंचाळल्या, दार उघडलं, कुणी लेकरू उचललं, कुणी वैजंताला धरलं. वैजंता चार पावलं चालली आणि पाळण्यापाशीच कोसळली. तिला ओकारी झाली.

“भ्यानं झालं तिला!” धोंडुबाई ऊर बडवत ओरडली. “ओली बाळंतीण माझी! मेल्यानं भिववून सोडली पोरीला!”

बाळासोनं हात उगारला, पण मारलं नाही. “आकाराम, माणूस हाईस का जनावर?” एवढंच म्हणाला. आकारामचे केस, मिशा, नवं धोतर सगळं विटेच्या भुकटीनं लाल झालेलं. तो लेकीकडं बघत होता. पाण्याचा हबका मारल्यावर वैजंतानं डोळे उघडले. समोर बाप दिसला. तिनं पुन्हा डोळे मिटले आणि म्हणाली, “आबा, तुमी जावा.”

तो गेला. लेकराचं नाव ठेवायच्या आधीच गेला. वाडीत पोचला तेव्हा कळलं, की कुंची पिशवीतच राहिली.

मग तो सगळा हिवाळा त्यानं कसा काढला, त्याचा त्याला ठाऊक. लोक विचारायचे, “आकाराम, नातीचं नाव काय ठेवलं?” तो म्हणायचा, “ठरतंय अजून.” पुढं पुढं लोकांना वडगावची हकिकत कळली आणि त्यांनी विचारायचं सोडलं. ते जास्त वाईट होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे मनातला किडा. खोलीत खरंच विष साठलं होतं का? का ते आपल्याच टाळक्यात साठलंय? पोर धुरानं पडली की बापाच्या दणक्यांनी? कुणाला विचारणार? शालूबाई गेल्यावर हा माणूस पुन्हा असा कधी खचला नव्हता. कामावर भिंत चढवताना हात थांबायचा, आणि दुसरा गवंडी ओरडायचा, “ए आबा, माल सुकतोय की!”

वैशाख आला. भारनियमन वाढलं, सोपा पुन्हा भरायला लागला. एका दुपारी असाच सोपा माणसांनी गच्च, आणि बाहेर जीपचा आवाज झाला. दारात वैजंता उभी. कडेवर लेकरू, घामानं चिंब, रडून लाल झालेलं. मावशीकडनं सासरी निघाली होती आणि जीपवाल्याला वाट वाकडी करायला लावून इकडं आली होती. सासरची माणसं जीपमध्येच बसली होती.

आकाराम उठला. सोप्यात पसरलेल्या माणसांना म्हणाला, “उठा रं. जावा घरला.”

“लाइट कुठं आलीया अजून?” एक जण म्हणाला.

“आज धर्मशाळा बंद. उठा!”

माणसं पुटपुटत गेली. वैजंता आत आली आणि उभीच राहिली. घाम जरा निवला तसं लेकरू रडायचं थांबलं. तिनं वर बघितलं. “कडी कुठं हाय, आबा?”

त्यानं बोट दाखवलं. ती बराच वेळ मान वर करून बघत होती. “दोर हाय का घरात?”

दोर होता. पाळणा नव्हता, पण ट्रंकेत शालूबाईचं हिरवं लुगडं होतं. आकारामनं शिडी लावली, दोर कडीतनं ओवला, लुगड्याची झोळी बांधली आणि आधी स्वतः दोन्ही हातांनी लोंबकळून बघितलं, तुटते का म्हणून. वैजंताच्या तोंडावर हसू आलं. लेकीचं हसू त्यानं कधीपासनं बघितलं नव्हतं, ते मी सांगत नाही. तिनं लेकराला झोळीत घातलं. दोन झोके दिले न दिले, तोच ते झोपलं.

वैजंता खालच्या झरोक्यापाशी भिंतीला टेकून बसली. बाप जरा लांब, उंबऱ्यावर.

“ते भोक मावशीनं बुजवून घेतलं,” ती म्हणाली. “रंग दिलाय. कळतबी न्हाय आता.”

“बुजवत्यात,” आकाराम म्हणाला.

“आबा, त्या खोलीत माझं डोकं ठणकायचं. मग मग तेबी कळंना झालतं. उठावं असं वाटत नव्हतं. पोरीला पाजायचं बी ध्यान नसायचं. गोड गुंगी यायची नुसती. कुणाला सांगितलं न्हाय मी.” ती झोळीकडं बघत होती. “आईला असंच झालं असंल न्हवं? दुखलं नसंल तिला काय.”

आकारामनं तोंडावर टॉवेल धरला. एवढी वर्षं कोंडलेलं सगळं त्या टॉवेलात गेलं. वैजंता उठून जवळ आली नाही, तशी सवयच नव्हती त्या दोघांना. पण बसून राहिली. झोळी हलत होती आणि लेकरू तोंड उघडं टाकून झोपलं होतं.

जीपचा हॉर्न वाजला. मग परत वाजला.

“निघते. वाट बघत्यात.”

त्यानं धावत जाऊन कुंची आणली. लेकराच्या डोक्यावर धरून बघितली, तर ती लहान झालेली. “ऱ्हाऊ दे, तरीबी ने,” म्हणाला. मग धीर करून विचारलं, “नाव काय ठेवलंसा?”

“तेजस्वी.”

“तेजस्वी,” त्यानं म्हणून बघितलं. जीभ नीट वळली नाही. “आता परत कवा?”

वैजंतानं कुंची पिशवीत टाकली, लेकराला खांद्यावर घेतलं. “बघू, आबा,” म्हणाली आणि चपला घालून जीपकडं गेली. ह्या वेळचा ‘बघू’ कसला, ते जीप वळणाआड जाईपर्यंत त्याला ठरवता आलं नाही.

तो आत आला तर झोळी अजून हलत होती. वारा खालच्या झरोक्यातनं आत येत होता, वरनं बाहेर जात होता. घरच वाऱ्याचं, झोळी थांबणार कशी? ती अशीच राहू दे असं त्याला वाटलं. चार दिवस. निदान सकाळपर्यंत तरी.

शेजारची म्हातारी मघाशी सोप्यात विसरलेला आपला तांब्या न्यायला आली. तिनं वर बघितलं आणि गालावर बोटं ठेवली. “आगं बया! रिकामी झोळी हलू देऊ नये, आकाराम. लेकराचं पोट दुखतंय.”

“काय तरीच काढतीस,” आकाराम म्हणाला. “काय संबंध झोळीचा न् पोटाचा?”

म्हातारी तांब्या घेऊन गेली. आकाराम झोळीकडं बघत उभा राहिला. जन्मभर लोकांच्या असल्या समजुतींशी भांडलेला माणूस. भिंती फोडल्या, सोयरे तोडले, काम गमावलं. पण जीप अजून गारगोटीच्या वाटेवर असेल, आणि आत ते लेकरू असेल. वरचे झरोके बंद करता येत नव्हते, ते त्यानंच तसे बांधले होते. त्यानं शिडी लावली, वर चढला आणि दोर सोडला.

संध्याकाळी लाइट आली. त्या दिवशी उठून जायला सोप्यात कुणी नव्हतं. आकारामनं लुगड्याची घडी घातली, पण ट्रंकेत ठेवली नाही, उशाला घेतली. तिला दुधाचा वास येत होता.